मुशीचें माहेर

शार्क हें नांव उच्चारतांच बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें करवतीसारख्या दांतांचा उघडा जबडा उभा राहतो. उलट मुशी किंवा मोरी हें नांव ऐकतांच कोंकणांतील गृहिणीच्या मनांत खोबऱ्याचें वाटण आणि कालवणाचें भांडें येतें. वस्तुतः हीं सर्व नांवें एकाच कुळाचीं होत. एकाच जीवास एका नांवानें भ्यावें आणि दुसऱ्या नांवानें जेवावें, ही गोष्ट गंमतीची खरी; परंतु नांवांचा हा खेळ किती दूरवर जातो, हें आपल्या शेजारच्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेल्या पंचवीस वर्षांत जें घडलें त्यावरून दिसून येईल. तो वृत्तांत सांगण्याचा आमचा मानस आहे. तत्पूर्वीं मुशीची थोडी ओळख करून घेऊं.

मुशी हा मासाच होय. पण पापलेट, बांगडा, सुरमई यांहून तिची घडण अगदीं निराळी. तिच्या अंगांत हाड म्हणून नसतें. आपल्या नाकाच्या शेंड्यांत जी लवचीक कूर्चा असते, तसल्या कूर्चेचाच तिचा सारा सांगाडा. तिच्या कल्ल्यांवर झांकण नसतें. मानेच्या दोहों बाजूंस पांच ते सात फटी उघड्या दिसतात. अंगावर नेहमींच्या खवल्यांऐवजीं इतके बारीक दंतुर कण असतात कीं शेंपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर कानशीवरून फिरल्यासारखा वाटतो. मुशींच्या पांचशेंहून अधिक जाती आजवर ठाऊक झाल्या आहेत. त्यांतील सर्वांत लहान जात वीतभर लांबीची, तर सर्वांत मोठी एखाद्या मालमोटारीहूनही लांब. यांचे पूर्वज ४० कोटी वर्षांपूर्वीं समुद्रांत होते. तेव्हां जमिनीवर अरण्य म्हणावें असें कांहीं उगवलेलेंही नव्हतें.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुशीचा संसार. बांगड्याची मादी एका मोसमांत हजारों अंडीं पाण्यांत सोडून मोकळी होते. मुशीचें तसें नाहीं. कांहीं जाती मोजकीं अंडीं कठीण कवचांत घालतात. परंतु पुष्कळ जातींत पिलें आईच्या पोटांतच वाढतात, आणि कित्येकींत तर तीं गाईच्या वासराप्रमाणें नाळेनें आईशीं जोडलेलीं असतात. पिलें थोडीं, गर्भ बराच काळ पोटांत, आणि जन्मलेल्या मुलीस स्वतः आई व्हावयास वर्षांचीं वर्षें. अंकगणितांत ज्यांनीं व्याजाचीं उदाहरणें सोडविलीं असतील त्यांस हें चटकन् समजेल. बांगड्याचें व्याज भरमसाट, म्हणून त्यांतून कितीही काढलें तरी मुद्दल लौकर भरून येतें. मुशीचें व्याज अत्यल्प. तिच्यांतून काढावयास लागलें कीं थेट मुद्दलासच हात लागतो.

आतां भीतीविषयीं. माणसाची मुशीविषयींची भीति सनातन आहे अशी सामान्य समजूत असते, पण ती सर्वस्वीं खरी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कित्येक सुशिक्षित लोक मुशीस भेकड प्राणी समजत. न्यूयॉर्कचे हर्मन ओलरिक्स नांवाचे एक धनाढ्य गृहस्थ होते. त्या थंड पाण्याच्या किनाऱ्यावर मुशीनें जिवंत माणसावर हल्ला केल्याचें जो सिद्ध करील त्यास ५०० डॉलर देऊं, असें त्यांनीं १८९१ मध्यें जाहीर केलें. तें बक्षीस कोणीही नेलें नाहीं. पुढें १९१६ च्या जुलै महिन्यांत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अवघ्या बारा दिवसांत पांच जणांवर हल्ले होऊन चौघे मृत्यु पावले. त्यांतील दोघे तर समुद्रावर नव्हे, आंत शिरलेल्या एका खाडींत. त्या बारा दिवसांत भेकड मुशीची राक्षसीण झाली.

या राक्षसिणीस जगभर नेण्याचें काम पीटर बेंचली यांच्या ‘जॉज’ या १९७४ च्या कादंबरीनें व पुढल्याच वर्षीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं काढलेल्या तिच्या चित्रपटानें केलें. त्या चित्रांतील मुशी जणुं हेवादावा धरून एका गांवाचा पिच्छा पुरविते. खऱ्या समुद्रांत मुशी असें वैर धरीत नाहीं. परंतु चित्रपटगृहाच्या अंधारांत हें कोणाच्या लक्षांत येणार? तेव्हांपासून अमेरिकेंत मोठाल्या मुशी मारून त्यांच्या शेजारीं उभें राहून छायाचित्र काढून घेण्याची हौस बळावली. बेंचली यांस पुढें याचें फार वाईट वाटलें. मुशींविषयीं मागाहून जें ज्ञान झालें तें पाहतां तशी कादंबरी आपल्या हातून पुन्हां लिहिली जाणार नाहीं, असें ते सांगत. आणि २००६ मध्यें निधन पावेपर्यंत ते समुद्राच्या रक्षणासाठीं झटले. स्पीलबर्ग यांनींही २०२२ मध्यें आपला खेद प्रगट केला. ग्रंथकारानें आपल्याच यशस्वी ग्रंथाची छाया पुसण्यांत उरलेलें आयुष्य वेचावें, असें उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासांत विरळाच म्हणावें लागेल.

साऱ्या जगांत मुशीच्या हल्ल्यानें वर्षाकाठीं साधारणतः पांच-दहा माणसें दगावतात. उलट पक्षीं, २०१९ या एका वर्षांत माणसाच्या हातून सुमारें ८ कोटी मुशी मेल्या, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. खोल समुद्रांत फिरणाऱ्या मुशी व त्यांचे भाऊबंद जे पाकट मासे, त्यांची संख्या १९७० नंतरच्या अर्ध्या शतकांत शेंकडा ७१ नें घटली. येथें एक गोष्ट विसरूं नये. या ८ कोटींपैकीं फारच थोड्या मुशी भीतीपोटीं मारल्या गेल्या. बाकीच्या मांसासाठीं, तेलासाठीं, पौर्वात्य देशांतील मेजवान्यांत ज्यांचें सार करितात त्या परांसाठीं, अथवा दुसऱ्याच माशांसाठीं टाकलेल्या जाळ्यांत आयत्या सांपडून मेल्या. भीतीनें केलें तें एवढेंच, कीं त्या मरत असतां कोणास हळहळ वाटली नाहीं. आमच्या मतें हेंच तिचें मोठें पाप. वाघ मेला तर वर्तमानपत्रांत बातमी येते. मुशी मेली तर बाजारांत भाव येतो.

आतां सौराष्ट्राकडे वळूं. पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ, सूत्रापाडा या किनाऱ्यास जगांतील सर्वांत मोठा मासा येत असतो. त्यास इंग्रजींत व्हेल शार्क म्हणतात. व्हेल म्हणजे देवमासा. पण देवमासा हा मुळीं मासा नव्हे, तो हवेंत श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा सस्तन प्राणी. व्हेल शार्क मात्र खरीखुरी मुशी असून केवळ आकारामुळें तिला देवमाशाचें नांव चिकटलें आहे. तिची लांबी ४० फुटांपर्यंत भरते, आणि ६० फुटांच्या आसपासच्याही नोंदी आहेत. एवढें धूड, पण भक्ष्य काय? पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांचीं अंडीं, झिंग्यासारखे किडे आणि बारीक मासळी. चार-पांच फूट रुंद तोंड उघडून ती संथपणें पोहत जाते, पाणी कल्ल्यांतून बाहेर सोडते, आणि गाळून राहिलेलें अन्न गिळते. तिला दांत आहेत, तेही हजारों. पण ते तांदळाच्या कणीएवढे असून खाण्याच्या कामीं त्यांचा उपयोग दिसत नाहीं. माणसास ती कांहीं करीत नाहीं. शास्त्रास तिची पहिली ओळख १८२८ मध्यें झाली. दक्षिण आफ्रिकेच्या टेबल उपसागरांत भाल्यानें मारलेल्या सुमारें पंधरा फुटी माशाचें वर्णन अँड्र्यू स्मिथ नांवाच्या एका लष्करी वैद्यानें त्या वर्षीं लिहून ठेविलें.

तिच्या करड्या पाठीवर पांढरे ठिपके असतात, आणि आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येकीची ठिपक्यांची मांडणी निराळी असते. येथें विज्ञानाची एक मौज आहे. दुर्बिणींतून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांत तेच तारे पुन्हां ओळखून काढण्यासाठीं ज्योतिर्विदांनीं एक गणिती रीत बसविली होती. तीच रीत २००५ च्या सुमारास या ठिपक्यांस लावण्यांत आली, व ती तंतोतंत लागू पडली. आतां जगाच्या कोणत्याही किनाऱ्यावर एखाद्या प्रवाशानें छायाचित्र काढून पाठविलें, तर ही मुशी पूर्वीं कोठें व केव्हां दिसली होती हें पुष्कळदां सांगतां येतें. ज्यांस गणित रुक्ष वाटतें त्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं याचा अवश्य विचार करावा.

तिच्या संततीविषयींचें ज्ञान बहुतांशीं एकाच मादीवरून झालें आहे. १९९५ मध्यें तैवानच्या किनाऱ्यावर धरलेल्या एका मादीच्या पोटांत सुमारें तीनशें पिलें निघालीं. तीनशें म्हणजे थोडीं नव्हेत, मग चिंता कशास, अशी शंका कोणास येईल. परंतु जन्मतां हीं पिलें जेमतेम दोन वितींचीं असतात; त्यांतील फारच थोडीं मोठ्या माशांच्या तोंडून सुटतात, आणि जीं सुटतात त्यांस आई होण्यास पंचवीस-तीस वर्षें लागतात. म्हणजे आज मारलेल्या मादीची जागा भरून निघण्यास माणसाची एक पिढी जावी लागते.

सौराष्ट्रांतील खारवे या मुशीस ‘बॅरल’ म्हणत. बॅरल म्हणजे पिंप. या नांवांत तिच्या शिकारीची सारी रीत सांठविलेली आहे. मोठा गळ किंवा भाला मुशीच्या अंगांत रुतवीत व त्याच्या दोरास रिकामीं पिंपें बांधून देत. पिंपें तरंगत, त्यामुळें तिला खोल बुडी मारतां येईना. तास न् तास तीं ओढून ती थकली म्हणजे होड्या तिला किनाऱ्याकडे ओढून आणीत. पूर्वीं तिचें यकृत काढून घेत, त्याचें तेल होड्यांच्या लांकडास चोपडीत म्हणजे तीं पाण्यानें कुजत नसत, आणि बाकीचें धूड बहुधा टाकून देत. शिकार तेव्हांही होती, पण होड्यांना लागेल तेवढीच. पुढें तैवानांत या मांसास गिऱ्हाईक मिळालें. तेथें तें इतकें पांढरें व मऊ लागे कीं लोक तिला सोयाबीनच्या खरवसाचें नांव देऊन ‘टोफू मुशी’ म्हणत. १९९० नंतरच्या दशकांत निर्यात वाढली, भाव चढला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं येणाऱ्या या मुशी शेंकड्यांनीं मारल्या जाऊं लागल्या. या शिकारीचा चित्रपट माइक पांडे यांनीं काढला. त्यास २००० मध्यें इंग्लंडांतील वन्यजीव चित्रपटांचें मोठें पारितोषिक मिळालें. बॅरल म्हणजे काय, हें त्यामुळें दिल्लीपर्यंत पोहोंचलें. २००१ मध्यें भारत सरकारनें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघ-सिंहांच्या पंक्तींत, व्हेल शार्कला बसविलें. हा मान मिळालेला हा पहिला मासा. पुढील वर्षीं आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

कायदा झाला, पण तो समुद्रावर पोहोंचला नाहीं. कसा पोहोंचणार? राजपत्रांत नांव ‘व्हेल शार्क’. खाली त्याचें लॅटिन नांव. वेरावळच्या बंदरावर या नांवाचा प्राणी कोणी पाहिलेलाच नव्हता. तेथें होती ती बॅरल. ज्याचें पोट तिच्यावर, त्यास बॅरल मारणें हा गुन्हा झाला हें ठाऊक नाहीं, आणि ज्यास ठाऊक, त्यासही पटण्याजोगें कारण कोणी दिलेलें नाहीं. अशा स्थितींत शिपाई किती बंदरांवर उभे करणार?

तेव्हां २००४ मध्यें भारतीय वन्यजीव न्यास, गुजरातचें वनखातें, टाटा केमिकल्स ही कंपनी व इतर कांहीं मंडळी एकत्र आलीं, आणि त्यांनीं रामकथाकार मोरारीबापू यांस गळ घातली. बापू सौराष्ट्राचेच, त्यांच्या कथेस खारव्यांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें बसत. त्यांनीं सांगितलें तें सागरशास्त्रांतील प्रमेय नव्हतें. ही मुशी आपल्या किनाऱ्यास येते ती लेक बाळंतपणासाठीं बापाच्या घरीं येते तशी, आणि दारीं आलेल्या लेकीवर कोणी शस्त्र धरीत नाहीं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तिला नवें नांव मिळालें ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. गांवोगांव नाटकें झालीं. त्यांत घरीं लेक दिवस भरून आलेली, आणि बाप समुद्रावर शिकारीस निघालेला. कापडाची हवा भरलेली पूर्णाकृति मुशी गांवांतून फिरविण्यांत आली. शाळांतून मुलांनीं तिचीं चित्रें काढलीं, आणि पोरबंदरनें तर व्हालीस आपल्या नगराचें मानचिन्ह केलें.

माहेर या शब्दाचें सामर्थ्य मराठी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. पहिल्या बाळंतपणास लेकीनें माहेरीं यावें, ही चाल सौराष्ट्रांत आहे तशीच आपल्याकडे आहे. आणि माहेरवाशिणीस रित्या हातानें कोणी लावून देत नाहीं. कोणी शास्त्रज्ञ म्हणेल, कीं व्हेल शार्क व्यालेली आजवर कोणीं डोळ्यांनीं पाहिल्याची नोंद नाहीं, मग बाळंतपणाची गोष्ट कशाच्या आधारावर? आक्षेप रास्त आहे. पण बापूंनीं दिलें तें नातें होतें, आणि नात्यास पुराव्याची जरूर नसते. आम्हांस तर यांत अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. बाहेरच्या लोकांनीं खारव्यांस ‘तुम्ही क्रूर आहां’ असें म्हटलें नाहीं. तुम्ही बाप आहां, असें म्हटलें.

तरीही प्रेमानें पोट भरत नाहीं. शिकार थांबली, पण मुशी इतर मासळीसाठीं लावलेल्या जाळ्यांत चुकून सांपडावयाची ती सांपडतेच. अशी मोठी मुशी अडकली म्हणजे जाळें कापल्यावांचून ती सुटत नाहीं, आणि जाळें म्हणजे कोळ्याची जमीन, नांगर आणि बैल सर्व कांहीं; पुष्कळदां तें कर्ज काढून घेतलेलें असतें. म्हणून वनखात्यानें कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याचें ठरविलें. आरंभीं अधिकारी येऊन पंचनामा होईपर्यंत खोळंबावें लागे. तोंवर मुशीही तडफडे व होडीचाही दिवस बुडे. मग खारव्यांच्याच हातीं कॅमेरे देण्यांत आले. मुशी सोडवितांना काढलेलें छायाचित्र हाच पुरावा, असें ठरलें, आणि सुटका लौकर होऊं लागली. अशा रीतीनें गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ नंतर ९०० हून अधिक व्हेल शार्क जाळीं कापून सोडण्यांत आल्या आहेत. त्यांपैकीं कांहींस पूर्वीं भाले मारणारेच हे हात असतील. पैसे मिळतात म्हणून सोडतात, असें कोणी म्हणतात. पण भरपाई मिळते ती फाटलेल्या जाळ्याची. त्या दिवशीं हातची निसटलेली मासळी तींत धरलेली नसते. ती पदरची तूट खारवे सोसतात, हें शहरांत बसून प्राणिदयेवर बोलणाऱ्या आम्हां सर्वांनीं ध्यानांत घेतलेलें बरें.

महाराष्ट्रांतही २०१८ मध्यें अशीच योजना निघाली. जाळ्यांत सांपडलेलें समुद्री कांसव, डॉल्फिन अथवा व्हेल शार्क जिवंत सोडल्यास, छायाचित्राच्या पुराव्यावर, जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचें शासनानें ठरविलें, आणि कोंकणांतील कोळ्यांनीं तिचा लाभ घेऊन कित्येक जीव सोडले आहेत.

परंतु व्हाली ही एकच. पांचशें जातींपैकीं जिला माहेर मिळालें ती दिसण्यांत भव्य, स्वभावानें गरीब आणि खाण्यांत निरुपद्रवी. बाकीच्यांचें काय? भारतांत मुशीची मासेमारी जगांतील मोठ्या मासेमाऱ्यांपैकीं एक आहे. पर कापून धड समुद्रांत टाकून देण्यास २०१३ मध्यें बंदी झाली, परांची निर्यात २०१५ मध्यें बंद झाली, व कायद्याचें संरक्षण आतां आणखी कांहीं जातींस मिळालें आहे. तथापि सामान्य लहान मुशी पकडणें कायद्यानें वर्ज्य नाहीं, आणि गरीब घरच्या जेवणांतील स्वस्त व पौष्टिक वस्तु एकदम बंद करा, असें सांगण्यास आम्ही धजत नाहीं. कोठें थांबावें, हें सांगण्यास मासळीबाजारांतच एक साधी खूण आहे. पालकांपैकीं कोणी मुलांस घेऊन बाजारांत गेल्यास पाटींतील वीत-दीड वीत लांबीची एखादी मुशी उताणी करून पहावी. पुढल्या दोन परांच्या मधोमध, गळ्याच्या किंचित् खालीं, बारीकशी चीर किंवा व्रण दिसतो. ती तिची बेंबी होय. जेथें आईची नाळ जोडलेली होती ती ही जागा. मुशी मोठी होत जाते तसा तो व्रण बुजत जातो. तो ताजा व उघडा असेल, तर ती जन्मून थोडेच दिवस झाले आहेत असें समजावें.